देवघेवीच्या टेबलावर शिकलेलं इंटरनेट

फोन यायचा तो बहुतेक संध्याकाळी, वाचनालय उघडलं की लगेच. "ताई, अमुक पुस्तक आत आहे का हो?" मग रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचा, तालिकेच्या कपाटाकडे जायचं, लेखकाच्या आडनावाचा खण ओढायचा, कार्ड शोधायचं, वर्गांक म्हणजे विषयाचा क्रमांक बघून मांडणीकडे जायचं, पुस्तक जागेवर नसलं तर परत येऊन देवघेवीच्या ट्रेमध्ये बघायचं आणि मग फोन उचलून सांगायचं, "बाहेर गेलंय, पुढच्या आठवड्यात चौकशी करा." तोवर समोर चार माणसं उभी. प्रमाणपत्र वर्गाला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम आम्ही पाठ केले होते, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा', आणि हा नियम माझ्या हातून रोज दहा वेळा मोडला जातोय हे मला दिसत होतं, मनाला लागत होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आमचं सार्वजनिक वाचनालय, चौदा हजारांच्या आसपास पुस्तकं, आणि माणसं आम्ही चार. मी सहायक ग्रंथपाल, बावीस वर्षं झाली. लिपिक मॅडम माझ्याहून सीनियर. शिपाई मामा, ज्यांना कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे अंधारातही सांगता येतं. आणि संध्याकाळच्या वेळेला येणारा एक मुलगा, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. ग्रंथपालांची जागा रिकामी आहे, ते काम आम्हीच वाटून घेतो.

लॉकडाऊननंतर १५ ऑक्टोबर २०२० ला राज्यातली ग्रंथालयं परत उघडली, नेमका वाचन प्रेरणा दिन होता तो. त्यानंतर फोन वाढलेच, कारण लोकांना उगाच चक्कर नको होती आणि ते बरोबरच होतं. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळा मोबाइलवर झाल्या, भाजीवाल्यांनी क्यूआर कोड लावले, आणि आमच्याकडे पुस्तक आत आहे का बाहेर हे सांगायला माणूस उठून कपाटापर्यंत जायला लागत होतं.

याआधी ट्रेनिंग झालं नव्हतं असं नाही. एक दिवसाचं शिबिर होतं, मोठा हॉल, ऐंशी-नव्वद कर्मचारी, पडद्यावर स्लाइड. सांगणारे हुशार होते, मनापासून सांगत होते, पण दिवसभरात माझ्या हातात माउस एकदाही आला नाही. संध्याकाळच्या एसटीत मी वही उघडून बघितली तर 'क्लाउड', 'वेब २.०', 'इंटरॅक्टिव्ह सेवा' असे शब्द लिहिलेले होते आणि त्यातलं एकही मला दुसऱ्या दिवशी टेबलावर करता येणार नव्हतं. मला त्या दिवशी रडू आलं होतं खरं सांगते, कारण वाटलं की आपलं वय झालं, हे आता आपल्याच्यानं व्हायचं नाही.

मार्ग दाखवला माझ्या भाचीनं. ती पुण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. दिवाळीला आली तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं, तर म्हणाली मावशी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये शार्लट म्हणून शहर आहे, तिथल्या पब्लिक लायब्ररीत २००६ च्या ऑगस्टमध्ये हेलन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी एक उपक्रम केला, '२३ थिंग्ज' म्हणतात त्याला. लायब्ररीतल्या सगळ्या स्टाफला २३ छोट्या छोट्या गोष्टी करायला दिल्या. ब्लॉग काढ, फ्लिकरवर फोटो बघ, विकीमध्ये एक ओळ लिही, लायब्ररीथिंगवर आपली पाच पुस्तकं टाक, असं. लेक्चर नाही, वर्ग नाही, ज्यानं त्यानं आपल्या वेळेत, खेळत खेळत करायचं आणि काय केलं ते आपल्याच ब्लॉगवर लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. नंतर जगभरातल्या कितीतरी लायब्रऱ्यांनी ते उचललं.

मला त्यातलं 'खेळत' हे फार आवडलं. आम्ही सरकारी तपासणी, अनुदानाचे दोन हप्ते, दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं नोंदवतो त्या वहीत, खाडाखोड नको या शिस्तीत वाढलेली माणसं. चूक करून बघ असं आम्हाला कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं.

भाचीनं हेही सांगितलं की त्या २३ मधल्या बऱ्याच वेबसाइट आता नाहीतच. न्यूज फीड वाचायला तेव्हा लोक जे वापरायचे त्यातलं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं. म्हणून त्यांची यादी तशीच्या तशी घेऊ नकोस, तुमच्या टेबलावर रोज काय अडतं त्याची यादी कर. हे तिचं वाक्य मी आजपर्यंत धरून आहे.

मग आम्ही चौघं एका दुपारी बसलो. सकाळचं सत्र संपलं की साडेचारपर्यंत वाचनालय बंद असतं, त्यातला बुधवारचा दीड तास ठरवला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेननं यादी लिहिली. अकरा गोष्टी झाल्या. एक नंबरला होतं 'मराठीत टाइप करणे'. नियम एकच केला, जो शिकतोय त्याच्याच हातात माउस. दुसऱ्यानं फक्त बोलायचं, हात लावायचा नाही. या नियमावर आमची भांडणं झाली, कारण संध्याकाळचा मुलगा फार भराभर करायचा आणि त्याला आमचा वेळ सहन व्हायचा नाही. मग मी त्याला म्हटलं, तू सुरुवातीला ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी हे लक्षात ठेवायला किती दिवस घेतलेस, तेव्हा मामा तुझ्या हातातून पुस्तक ओढून घेत होते का? तेव्हापासून तो हात मागे बांधून उभा राहायला लागला, अगदी शब्दशः.

टायपिंग हे एक प्रकरण म्हणजे मोठंच निघालं. लिपिक मॅडम जुन्या टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या, त्यांची बोटं रेमिंग्टनला बसलेली. त्यांना आधी वाटलं की आपण हे चुटकीसरशी करू, पण कॉम्प्युटरवर कीबोर्ड वेगळा. त्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, एकदा ते लक्षात आलं की कळतं की बाराखडी समजून घेऊन कुणीतरी रचलंय हे. मॅडमना तीन आठवडे लागले, आणि आता त्या स्क्रीनकडेच बघून टाइप करतात. मी मात्र मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवते, मला तेच जमलं, आणि ज्याला जे जमतं ते चालेल असं आम्ही ठरवलं.

मामांची गोष्ट वेगळी. नववीपर्यंत शिकलेले, वय सत्तावन्न, पहिल्या दोन बुधवारी ते लांब खुर्चीवर बसून होते. "मला कुठं येतंय, तुम्ही करा." तिसऱ्या बुधवारी मुलानं त्यांच्या हातात मोबाइल दिला, कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबलं आणि म्हणाला मामा, समोरच्या कप्प्यातल्या पुस्तकांची नावं वाचा. मामांनी वाचलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, आणि मग पुढचं नाव वाचलं, पुढचं वाचलं, अख्खा कप्पा वाचून काढला. लेखकांची आद्याक्षरं मोबाइल एकत्र करून टाकतो, ते नंतर हातानं सुटं करावं लागतं, पण पुस्तकाचं नाव बहुतेक वेळा बरोबर येतं. आमची निम्मी यादी मामांच्या आवाजातून टाइप झाली आहे. बावीस वर्षं मी या माणसाला पुस्तकं उचलताना बघितलं होतं, पण त्यांना इतकं स्पष्ट, इतकं शुद्ध वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. याचं मला वाईट वाटतं अजून.

एक यादी खरं तर आधीचीही होती. काही वर्षांपूर्वी एका कॉम्प्युटर क्लासकडून पैसे देऊन पुस्तकांची यादी टाइप करून घेतली होती, ती सीडीवर होती. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण ती जुन्या फॉन्टमध्ये केलेली, युनिकोडमध्ये नाही. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर काही दिसत नाही आणि दिसलं तरी शोधता येत नाही. भाचीनं कन्व्हर्टर दिला, त्यानं सत्तर-ऐंशी टक्के काम केलं असेल, पण अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं बिघडली. सगळ्यात वाईट म्हणजे 'ऱ्य' चं 'र्य' झालं. आता दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, पुस्तकाच्या नावात हा फरक चालेल का? वाचक दऱ्या शोधणार आणि त्याला पुस्तक नाही म्हणून सांगितलं जाणार. मग आम्ही ठरवलं की नुसतं कन्व्हर्ट करून चालणार नाही, एकेक पुस्तक कपाटातून काढून, मुखपृष्ठ नाही तर आतलं शीर्षकपान बघून, नोंद तपासायची. दर बुधवारी एक कपाट.

ही यादी गूगल शीटमध्ये ठेवली. एकाच वेळी तिघांना तीन ठिकाणी बसून तीच फाइल भरता येते, समोरच्याचा रंगीत चौकोन हलताना दिसतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अगं ही तर आपली नोंदवही, फक्त तिघींना एकदम लिहिता येतेय." इथून पुढे मला जाणवायला लागलं की आपण काही अगदीच कोरे नाही. रकाने काय पाहिजेत हे आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही. दाखलअंक पहिला, कारण तो एका पुस्तकाला एकच असतो. मग वर्गांक, लेखक आडनाव आधी, शीर्षक, प्रकाशनवर्ष, कपाट, आणि शेवटी स्थिती. स्थितीच्या रकान्यात टाइप करायचं नाही, बाण दाबून चारातलं एक निवडायचं, आत, बाहेर, दुरुस्तीला, गहाळ. असं केल्यानं प्रत्येक जण वेगळं लिहीत नाही.

टोपणनावांचा प्रश्न आला. कार्डाच्या तालिकेत आम्ही 'पाहा' कार्ड लावतो, म्हणजे शिरवाडकर वि. वा. असं काढलं की 'पाहा कुसुमाग्रज' असं कार्ड मिळतं. शीटमध्ये तसं काही नव्हतं. मुलगा म्हणाला सर्च केलं की येईलच की, मी म्हटलं कसं येईल, पुस्तकावर कुसुमाग्रज छापलंय आणि वाचक शिरवाडकर म्हणून विचारतोय, मशीनला काय माहीत दोघं एकच आहेत. गोविंदाग्रज म्हणजे गडकरी, केशवकुमार म्हणजे अत्रे, हे मशीनला आपणच सांगायला लागणार. मग 'इतर नाव' असा रकाना वाढवला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, कारण इतके दिवस मी नुसती घेत होते, त्या दिवशी माझ्याकडचं काहीतरी त्या शीटला दिलं.

छोट्या अडचणी पुष्कळ. मॅडमनी प्रकाशनवर्ष देवनागरी आकड्यांत भरलं, आमच्या शीटनं ते आकडे म्हणून धरलेच नाहीत, शब्द म्हणून धरले, त्यामुळे बेरीज होईना. आमच्या खणात क्ष आणि ज्ञ सगळ्यात शेवटी, शीटनं क्ष नेऊन क मध्ये घातला आणि ज्ञ ज मध्ये. आकडे बदलले, क्ष-ज्ञ चं सोडून दिलं, शोधताना अडत नाही.

एक मोठी चूक मात्र झाली, ती माझ्या हातून. लेखकांची नावं अकारविल्हे लावून बघावी म्हणून मी फक्त तो एक रकाना सिलेक्ट केला आणि सॉर्ट केलं. फक्त निवडलेलाच भाग लावू का असं काहीतरी त्यानं विचारलं असणार, मी हो म्हटलं. लेखक वरखाली झाले, शीर्षकं जागेवरच राहिली. कळलं कधी तर दोन दिवसांनी, मुलानं पाककृतीचं पुस्तक शोधलं तर लेखक म्हणून एका संतांचं नाव. माझ्या पोटात गोळा आला. नऊ हजार नोंदी झाल्या होत्या तोवर. रात्री जेवण गेलं नाही. भाचीला फोन केला, ती म्हणाली मावशी घाबरू नको, फाइलमध्ये आवृत्तींचा इतिहास असतो, त्यात जा, दोन दिवसांपूर्वीची तारीख निवड. सापडली. अगदी परवाच्या दुपारी होती तशी. मधल्या दोन दिवसांतल्या साठेक नोंदी परत भरल्या, त्या कुठल्या हे कळलं ते मॅडमच्या वहीमुळे, कारण त्या रोज भरलेले दाखलअंक पेन्सिलनं टिपून ठेवतात.

तेव्हापासून दाखलअंकाचा रकाना लॉक केला, आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी फाइलची एक प्रत काढून वेगळी ठेवतो. हातानं लिहिलेली दाखल नोंदवही तर चालू आहेच, तपासणीला ती लागतेच, आणि मला स्वतःलाही ती हवी आहे. काही शंका आली की शेवटी आम्ही तिच्याकडेच जातो.

यानंतरचं काम गूगल फॉर्मचं. वाचकांना कुठली पुस्तकं हवीत हे विचारायचं होतं, कारण ग्रंथखरेदी दरवर्षी चारपाच लोकांच्या अंदाजावर होते. पहिला फॉर्म मी केला तो सभासदत्वाच्या अर्जासारखा, नाव, पत्ता, वय, शिक्षण, व्यवसाय करत सतरा प्रश्न. आठवड्यात तीन जणांनी भरला. मग मॅडम म्हणाल्या, आपण दुकानात गेलो आणि दुकानदारानं आधी पत्ता विचारला तर आपण थांबू का? चारच प्रश्न ठेवले, कुठलं पुस्तक किंवा कुठल्या विषयाचं, लेखक माहीत असल्यास, कुणासाठी, आणि मोबाइल द्यायचा असेल तर. क्यूआर कोड छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. शेजारी कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलही ठेवली, कारण आमचे निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांनी स्कॅन करावं असा हट्ट धरणं मला पटत नाही. चिठ्ठीवरचं आम्ही फॉर्ममध्ये भरतो.

जे आलं त्यानं आम्हा सगळ्यांचे डोळे उघडले. एमपीएससीची पुस्तकं मागतील हे माहीत होतं. पण मोठ्या टायपातली पुस्तकं द्या असं अकरा जणांनी लिहिलं, त्यातल्या एक आजी रोज येतात, वर्तमानपत्र हातात घेऊन बसतात आणि तासाभरानं जातात, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही हे त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामांनी त्यांच्यासाठी भिंग आणलं, ते वर्तमानपत्राच्या टेबलाला दोरीनं बांधलेलं आहे.

फॉर्मच्या बाबतीत एक सांगते, उत्तरांची शीट आपण कुणाकुणाला दाखवतोय हे बघून घ्या. आमच्या शीटची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला उघडत होती आणि त्यात लोकांचे मोबाइल नंबर होते. एका कार्यकारिणी सदस्यांनी ती लिंक कौतुकानं पुढे पाठवली तेव्हा लक्षात आलं. लगेच बंद केली. कोण काय वाचतो हे बाहेर सांगायचं नाही ही आमच्या कामातली जुनी रीत, ती कागदावर जितकी खरी तितकीच इथंही.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात सांगते. आधी ग्रुप काढला, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, दोघी वाचक भगिनींना नको ते मेसेज आले, त्यांनी येऊन सांगितलं, ग्रुप त्याच दिवशी बंद. मग ब्रॉडकास्ट लिस्ट, त्यात मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, नंबर दुसऱ्याला दिसत नाही. एका लिस्टमध्ये २५६ माणसं आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं, म्हणून देवघेव करताना प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला सांगावं लागलं, दोन महिने तेच काम.

माझा सगळ्यात जीव गुंतला तो विकिपीडिया आणि विकिस्रोतमध्ये. यादीत नऊ नंबरला 'विकिपीडियावर एक ओळ लिहिणे' होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाला सुरू झालेला, वीस वर्षं आपण नुसता वाचतोय. मी ठरवलं की आपल्या वाचनालयावरच लेख लिहायचा. आमच्या स्मरणिकेतून चार परिच्छेद उतरवले आणि प्रकाशित केले. दुसऱ्या दिवशी लेख काढून टाकलेला. इतकी दुखावले मी. आपल्याच वाचनालयाची माहिती, आपल्याच स्मरणिकेतली, आणि कुणी न ओळखणाऱ्यानं काढून टाकली. चर्चापानावर जाऊन विचारलं तर एका सदस्यांनी फार शांतपणे समजावलं, की छापलेल्या पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उचलता येत नाही, तुमचं असलं तरी, आणि संस्थेनं स्वतःबद्दल लिहिलेलं हा पुरावा होत नाही, दुसऱ्या कुणी तुमच्याबद्दल छापलेलं असेल तर ते दाखवा.

हे वाचून राग गेला, कारण हे तर आम्ही रोज सांगतो. संदर्भ विभागात मुलं प्रकल्पासाठी येतात तेव्हा मीच विचारते ना, हे कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर? मग लेखाचा नाद सोडला आणि जे आमच्याकडे आहे ते दिलं, संदर्भ. तालुक्यातल्या गावांवर, देवळांवर, नदीवर जे छोटे लेख आहेत आणि ज्यांच्याखाली संदर्भच नाहीत, त्यांना आमच्या कपाटातल्या गॅझेटियरचे आणि जुन्या पुस्तकांचे पान क्रमांकासह संदर्भ जोडायला लागले. मॅडम पान शोधतात, मी टाकते. एकही संदर्भ आजवर काढला गेलेला नाही.

तिथूनच विकिस्रोत कळलं. ज्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय ती तिथं पानापानानं टाइप होऊन सगळ्यांना वाचायला मिळतात. आपल्याकडे कायदा असा की लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तर त्यांचं लिखाण २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. पडद्यावर एका बाजूला छापील पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मशीननं ओळखलेली अक्षरं, त्यात चुका असतात, त्या आपण शोधून दुरुस्त करायच्या. पान आधी लाल असतं, एकानं तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या कुणी परत तपासलं की हिरवं. ज्यानं पिवळं केलं त्याला स्वतःचंच पान हिरवं करता येत नाही. दोन वेगळी माणसं लागतातच. मला ही व्यवस्था इतकी आवडली की मी घरी जाऊन मिस्टरांना अर्धा तास समजावून सांगितलं.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात, वय एक्याऐंशी. वाचनालयाच्या पुस्तकात मुद्रणदोष दिसला की समासात पेन्सिलनं दुरुस्त करायची त्यांना सवय, आणि आम्ही त्यांना अनेकदा विनंती केली होती की गुरुजी, पुस्तकावर खुणा नको. एका दुपारी मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं, गुरुजी, इथं जितक्या चुका सापडतील तितक्या दुरुस्त करा, इथं चालतं. त्यांनी चष्मा पुसला, अक्षर मोठं करून मागितलं, आणि पहिल्याच पानात मी तपासून पिवळ्या केलेल्या मजकुरात सात चुका काढल्या. ऱ्हस्व-दीर्घ, एक सुटलेलं पूर्णविरामचिन्ह, 'घ' च्या जागी 'ध'. मग मला बटण दाबायला सांगितलं. मी म्हटलं नाही, तुमच्याच हातानं. त्यांनी दाबलं आणि पान हिरवं झालं. "झालं?" म्हणाले. "आता हे कोण वाचणार?" मी म्हटलं, ज्याला पाहिजे तो, कुठूनही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुढचं पान काढा."

आता ते दर बुधवारी येतात.

अकरापैकी नऊ गोष्टींवर टिकमार्क झालाय. पोस्टर करणं मुलाला येतं, आम्हाला अजून नीट येत नाही. आणि अकरावी गोष्ट आहे खऱ्या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर जाणं. केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, नाहीतर कोहा, जे १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या लायब्ररीसाठी केलं आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भाची म्हणते तुमची शीट इतकी स्वच्छ आहे की कुठंही नेता येईल, फक्त आधी सगळी कपाटं पूर्ण करा.

बावीस कपाटं झाली, चार राहिलीत. फोन अजून येतो, साडेचारलाच. रिसीव्हर मानेत धरून मी नाव टाइप करते आणि तिथल्या तिथं सांगते, आहे, कपाट सात, वरून दुसरा कप्पा, ठेवू का बाजूला काढून? परवा एका बाईंनी विचारलं, ताई तुम्ही इतक्या लवकर कसं सांगितलंत, म्हटलं या एकदा दुपारी, दाखवते. या बुधवारी बालविभागाचं कपाट घ्यायचंय. त्यातल्या निम्म्या पुस्तकांची शीर्षकपानंच फाटलेली आहेत, तेव्हा दाखल नोंदवहीच्या १९९४ पासूनच्या वह्या मामांनी आत्तापासूनच खाली काढून पुसून ठेवल्यात.